आधी इंजिन बोलू द्या, रंगाचं नंतर पाहू

पत्र : वडिलांच्या काळातला राखाडी फर्ग्युसन टीई-२० ट्रॅक्टर माझ्या शेडमध्ये १४ वर्षं उभा आहे, पेट्रोलवरचा. इंजिन जाम आहे, पुढून फिरवायचं हँडल तसूभर हलत नाही. तो पूर्ण खोलून, घासून, रंगवून नव्यासारखा करायचा आणि ते करता करता घरातल्या-शेजारच्या मुलांना शिकवायचं, असं ठरवलं. नातू १५ वर्षांचा, त्याची चुलतबहीण १३ ची, शेजारची दोन मुलं १४ आणि १७ ची. पहिल्या रविवारी चौघांनी मडगार्डचा गंज घासला, दुसऱ्या रविवारी गिअरबॉक्सवरचं वाळलेलं ग्रीस खरवडलं, तिसऱ्या रविवारी पुन्हा गंज. चौथ्या रविवारी कोणी फिरकलं नाही. आजच्या मुलांना हात काळे करायचेच नसतात का? की माझंच काही चुकतंय?

उत्तर :

नमस्कार काका,

चौघं तीन रविवार तारेचा ब्रश घेऊन बसली, म्हणजे हात काळे करायला ती तयार होती. पण त्या तीन रविवारांत त्यांच्यासमोर एकही वस्तू हलली नाही, फिरली नाही, पेटली नाही. तुम्हाला त्या गंजाखाली वडिलांचा ट्रॅक्टर दिसतो. मुलांनी तो चालताना पाहिलेला नाही, त्याचा आवाज ऐकलेला नाही. त्यांच्या लेखी ते शेडमध्ये पडलेलं लोखंड आहे. ते जिवंत होऊ शकतं हे आधी त्यांना दिसायला हवं, घासणं-पुसणं त्यानंतर. तुमच्या कामांचा क्रम उलटा लागलाय, एवढंच.

पूर्ण खोलायचा बेत आत्ताच बाजूला ठेवा. टीई-२० ला वेगळी चासी नसते. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा धुरा एकमेकांना बोल्टने जोडलेले असतात आणि तोच ट्रॅक्टरचा कणा. मधला जोड सुटला की ट्रॅक्टरचे दोन तुकडे होतात, आणि खालून दोन्हींना पक्का आधार नसेल तर ते बसकण मारतात. हे काम मुलांच्या घोळक्यात करायचं नाही. शिवाय सगळा खोललेला ट्रॅक्टर खोक्यांतच राहून जातो. तो पुन्हा जुळेपर्यंत १७ चा मुलगा शिकायला बाहेर गेलेला असेल. रंग आधी दिलात तर पुढे कार्ब्युरेटरचं काम करताना सांडलेलं पेट्रोल तोच रंग उचलून काढेल. म्हणून क्रम असा धरा: इंजिन मोकळं करणं, ठिणगी, पेट्रोल, मग पहिली सुरुवात. त्यानंतर ब्रेक, आणि ब्रेक धरतात याची खात्री झाल्यावरच मोकळ्या जागेत चार-दहा पावलं. पत्रा आणि रंग सर्वांत शेवटी.

एक गोष्ट मात्र आजपासून बंद. त्या काळच्या रंगात शिसं असू शकतं, आणि कोरडा ब्रश मारला की ते धुळीबरोबर नाकात जातं. मुलांच्या हातून जुन्या रंगावर कोरडं घासकाम करून घेऊ नका. रंग काढायची वेळ येईल तेव्हा ओलं घासायचं, चांगला मास्क लावून, आणि ते तुम्ही स्वतः.

जाम इंजिन हीच तुमची जमेची बाजू

चालू इंजिन मुलं पाच मिनिटं पाहतात. बंद इंजिन हे कोडं असतं. तेव्हा त्यांना पाना देण्याआधी प्रश्न द्या: हे नेमकं कुठे अडकलंय? संशयित चार आहेत आणि ते सोप्याकडून अवघडाकडे तपासायचे.

पहिला, गिअर. ट्रॅक्टर गिअरमध्ये राहिला असेल आणि ब्रेक गंजून धरले असतील, तर इंजिन ठणठणीत असूनही हँडल हलणार नाही. गिअरची दांडी न्यूट्रलला आहे का, आणि ती खरंच न्यूट्रलला बसलीय का, हे पाहायला दोन मिनिटं लागतात.

दुसरा, सेल्फ. सेल्फचं पिनियन, म्हणजे छोटं दातेरी चाक, फ्लायव्हीलच्या म्हणजे इंजिनाच्या जड चाकाच्या दातांत अडकून बसलं की इंजिन हुबेहूब जाम झाल्यासारखं वाटतं. आधी बॅटरीची वायर काढा, मग सेल्फचे बोल्ट काढून तो बाहेर घ्या. हे काम १७ च्या मुलाचं. सेल्फ निघाल्यावर हँडल फिरलं, तर तुम्ही १४ वर्षं विनाकारण काळजी केलीत.

तिसरा, व्हॉल्व्ह. रॉकर कव्हर काढून ठेवा. गाइडमध्ये अडकलेला व्हॉल्व्ह सहसा इंजिन पूर्ण थांबवत नाही, पण तो तसाच असताना जोर लावून फिरवलं तर पुशरॉड, म्हणजे व्हॉल्व्ह हलवणारा दांडा, वाकतो. कव्हर उघडं असलं म्हणजे मुलांना आठही व्हॉल्व्ह समोर दिसतात. पुढे इंजिन फिरायला लागलं की कोणता खाली जाऊन वर येत नाही, हे तीच तुम्हाला सांगतील.

चौथा, पिस्टनच्या रिंगा. इंजिन ज्या जागी थांबलं तिथे एखादा व्हॉल्व्ह उघडा राहिलेला असतो. त्यातून दमट हवा आत शिरते, तेवढ्याच सिलिंडरच्या भिंतीवर गंज चढतो आणि रिंगा धरल्या जातात. म्हणून बहुतेक वेळा चारांपैकी एखाद-दोनच सिलिंडर दोषी असतात. फोनला जोडायचा बारीक कॅमेरा मिळतो, तो प्लगच्या भोकातून आत सोडा. लायनरवरची, म्हणजे पिस्टन ज्या नळीत सरकतो तिच्यावरची, तांबूस पट्टी पडद्यावर दिसली की १३ वर्षांच्या मुलीलाही गुन्हेगार कोण ते कळतं.

रिंगाच असतील तर चारही प्लग काढा. ऑटोमॅटिक गिअरचं तेल आणि ॲसिटोन समान प्रमाणात घ्या, दर वेळी हलवून घ्या कारण ते वेगळे होतात, आणि प्रत्येक सिलिंडरमध्ये ३० ते ५० मि.ली. ओता. भोकं कापडाच्या बोळ्यांनी झाका. ॲसिटोनची वाफ पटकन पेट घेते, म्हणून शेडचं दार उघडं ठेवा आणि हे मिश्रण आत असेपर्यंत ठिणगीची कोणतीही चाचणी करू नका. रोज पातळी पाहा. ज्या सिलिंडरमधून द्रव लवकर खाली जातो त्याच्या रिंगा तुलनेने मोकळ्या, हेही मुलांना वहीत लिहू द्या.

पुढच्या पुलीवर खडूने एक रेघ काढा आणि तिच्यासमोर टायमिंग कव्हरवर दुसरी. चार-पाच दिवसांनी हँडल लावून आधी पुढे, मग मागे, असा हलका दाब द्या. झटका द्यायचा नाही, हँडलवर उभं राहायचं नाही, पाइप घालून लांबी वाढवायची नाही. पुढे-मागे, पुढे-मागे. पहिल्यांदा रेघ सरकते ती जेमतेम एक-दोन मिलिमीटर. व्हर्नियर एकाच्या हातात, वही दुसऱ्याच्या, हँडल तिसऱ्याच्या. त्या दोन मिलिमीटरना शेडमध्ये जो आरडाओरडा होतो, तो तीन रविवारांच्या मडगार्डने कधी झाला नसता. पुढच्या वेळी ४ होतात, मग १०, मग अर्धा फेरा.

यात तीन गोष्टी हमखास बिघडतात. पहिली, घाईने ट्रॅक्टर दुसऱ्या गाडीला बांधून गिअरमध्ये ओढणं. चाकांकडून येणारा जोर इतका असतो की कनेक्टिंग रॉड नाहीतर पुशरॉड वाकतो. मोकळं होऊ शकणारं इंजिन कायमचं बाद होतं. दुसरी, आत द्रव असताना प्लग लावून फिरवणं. द्रव दाबला जात नाही, पिस्टन त्यावर आदळतो. प्लग बाहेरच हवेत, आणि पहिल्या पूर्ण फेऱ्याला भोकांसमोर कुणाचं तोंड नको, कारण आतलं सगळं पिचकारीसारखं बाहेर येतं. तिसरी, मोकळं झाल्याच्या आनंदात तेच तेल ठेवून इंजिन चालवणं. मिश्रण रिंगांवरून खाली चेंबरमध्ये, म्हणजे इंजिनाच्या तळाच्या तेलात, गेलेलं असतं. तेल आणि फिल्टर बदलल्याशिवाय पुढे जायचं नाही.

महिन्याभरात रेघ सरकलीच नाही तर हेड काढावं लागेल. तेव्हा एक लक्षात असू द्या: या इंजिनात ओले लायनर आहेत, म्हणजे लायनरच्या बाहेरून थेट पाणी फिरतं. हेड निघालेलं असताना लायनर पट्ट्यांनी दाबून न धरता क्रँक फिरवला, तर पिस्टनबरोबर लायनर वर उचलला जातो, खालचं सील फाटतं आणि पुढे पाणी चेंबरमध्ये उतरतं. पट्टी, दोन वॉशर आणि हेडचेच स्टड वापरून लायनर दाबता येतो. हेड परत बसवताना टॉर्क पाना, म्हणजे ठरलेला जोर लागला की कळवणारा पाना, लागेल. मधल्या नटापासून बाहेरच्या दिशेने, तीन टप्प्यांत. मुलांना टॉर्क पान्याची ती ‘कट्’ फार आवडते, फक्त आकडा पुस्तिकेतूनच घ्या.

प्रत्येकाला एक पूर्ण काम द्या

इंजिन भिजत असतं त्या दिवसांत चौघांना एकाच कामाभोवती उभं करू नका. एक पाना आणि चार प्रेक्षक असले की दोघं फोन काढतात. दोघा-दोघांना अशी कामं द्या, जी त्याच दिवशी पुरी होतात आणि शेवटी काहीतरी फिरतं, उघडतं, नाहीतर उजळतं.

बारीक बोटांना कार्ब्युरेटर. टेबलावर पांढरं कापड, प्रत्येक भाग निघेल त्या क्रमाने डावीकडून उजवीकडे, प्रत्येक टप्प्याचा फोटो. वाळलेल्या पेट्रोलचा पिवळा राळेसारखा थर कार्ब्युरेटरच्या द्रावणात भिजवून जातो. जेटमध्ये, म्हणजे पेट्रोल सोडणाऱ्या बारीक भोकात, तार घालायची नाही: पितळ मऊ असतं, भोक केसभर मोठं झालं तरी मिश्रण बिघडतं. नायलॉनचा तंतू चालतो, चष्मा लावून हवेचा झोतही चालतो. मग फ्लोट, म्हणजे पेट्रोलची पातळी राखणारा तरंगता पोकळ डबा. तो कानाशी धरून हलवा. आत खळखळलं तर पेट्रोल शिरलंय. पितळी फ्लोट गरम पाण्यात बुडवला की आतली हवा फुगते आणि ज्या सुईएवढ्या भोकातून बुडबुड्यांची माळ निघते तिथेच गळती. तेरा वर्षांच्या मुलीने ती माळ स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली, तर फ्लोट कशासाठी असतो हे तिला वेगळं शिकवावं लागत नाही. डाग मात्र तुम्ही द्या, आतलं पेट्रोल पूर्ण निघून गेल्यावर, आणि तोही कमीत कमी कथलाचा. फ्लोट जड झाला की पेट्रोलची पातळी चढते आणि कार्ब्युरेटर वाहतो.

दुसऱ्या जोडीला डेल्को, म्हणजे प्रत्येक प्लगला ठिणगी वाटणारा डिस्ट्रिब्युटर. झाकण उघडा, रोटर कोणत्या दिशेला आहे त्याचा फोटो घ्या, आणि डेल्को जागेवरून काढू नका, नाहीतर टायमिंग हरवतं. इतकी वर्षं उभ्या इंजिनाला ठिणगी नसते याचं सर्वांत नेहमीचं कारण अगदी क्षुल्लक असतं: पॉइंटवर, म्हणजे डेल्कोतल्या वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या टोकांवर, चढलेला काळसर थर. बारीक कानशीचे दोन-तीन हात, मग कॉन्टॅक्ट क्लीनर लावलेला जाड कागद पॉइंटमध्ये धरून ओढायचा, कागद स्वच्छ निघेपर्यंत. सँडपेपर नको, त्याची पूड पॉइंटमध्ये रुतते. इंजिन फिरायला लागलं की पॉइंट कॅमच्या सर्वांत उंच टोकावर असताना फीलर गेजने (फट मोजायच्या पातळ पट्टीने) फट लावायची. नेमका आकडा तुमच्या डेल्कोप्रमाणे पुस्तिकेत पाहा, साधारण ०.३ ते ०.४ मि.मी.च्या घरात असतो. गेज लोण्यातून सुरी ओढल्यासारखं हलकं अडखळत निघालं पाहिजे.

ठिणगीची चाचणी इंजिन मोकळं झाल्यावर, ॲसिटोनची वाफ पूर्ण गेल्यावर, प्लगची भोकं बंद करून. त्याआधी बारा व्होल्टचा साधा बल्ब डेल्कोच्या बारीक वायरच्या टोकाला आणि अर्थला, म्हणजे ट्रॅक्टरच्या उघड्या लोखंडाला, लावा (सहा व्होल्टच्या जुन्या गाडीत सहाचा). इंजिन हाताने फिरवताना पॉइंट उघडले की बल्ब लागला पाहिजे, मिटले की विझला पाहिजे. सतत लागून राहिला तर पॉइंट जोडतच नाहीत. लागतच नसेल तर वीज तिथपर्यंत येत नाही, किंवा कुठेतरी अर्थ होतेय, बऱ्याचदा कंडेन्सरमध्ये. बल्ब ठीक मिटायला लागला की कॉइलची जाड वायर इन्सुलेट केलेल्या पकडीने ब्लॉकपासून ५-६ मि.मी.वर धरा. निळी, कडक, तड् आवाजाची ठिणगी हवी. पिवळी आणि लुळी पडत असेल तर कंडेन्सर बदला. पॉइंट मिटलेले असताना चावी चालू ठेवून गप्पा मारू नका, कॉइल तापून जाते. आणि बॅटरी लावताना मुलांच्या हाताकडे लक्ष द्या. आजच्या गाड्या पाहिलेला मुलगा सवयीने काळी वायर बॉडीला लावणार. या ट्रॅक्टरला मुळात प्लस अर्थ असतो, म्हणजे बॅटरीची प्लस वायर बॉडीला.

गंजाचं काम मुलांना द्यायचंच असेल तर ब्रशने न देता विजेने द्या. २० लिटरचा प्लॅस्टिकचा टब, पाणी, त्यात साधारण १०० ग्रॅम धुण्याचा सोडा. गंजलेला भाग, समजा ड्रॉबारची (मागे ओढायचं ते बांधायच्या दांड्याची) कडी, तारेने टांगून चार्जरच्या मायनसला. साध्या लोखंडाची पट्टी प्लसला. दोघांचा एकमेकांना स्पर्श नको. बारा व्होल्टचा साधा चार्जर, २ ते ५ अँपिअर. (आपोआप बंद होणारे चार्जर समोर बॅटरी दिसत नाही म्हणून चालूच होत नाहीत.) भागावरून बारीक बुडबुडे निघतात, पाणी तपकिरी होतं, आणि १२ ते २४ तासांनी गंज काळा होऊन साध्या ब्रशने पाण्याखाली निघतो. प्लस-मायनस उलट लागलं तर गंज न जाता भागच खाल्ला जातो, म्हणून जोडणी दोघांनी तपासायची. प्लसला स्टेनलेस स्टील कधीही नको, त्यातून क्रोमियमचं विषारी संयुग पाण्यात उतरतं. गॅल्व्हनाइज्ड पट्टीही नको. ॲल्युमिनियमचे भाग सोडा खातो. स्प्रिंगा आणि कडक पोलादाचे भाग यात टाकू नका, ते ठिसूळ होऊ शकतात. निघणारा वायू हायड्रोजन आहे, म्हणून टब उघड्यावर, जवळ ठिणगी नाही, आणि पाण्यात हात घालण्याआधी चार्जर बंद. भागावर ग्रीस असेल तिथे वीज पोचत नाही. आधी ते काढा. बाहेर काढलेला भाग धुऊन, गरम हवेने वाळवून तासाभरात प्रायमर लावा, नाहीतर डोळ्यांदेखत पुन्हा तांबूस होतो.

हात पाठीमागे

आता थोडं तुमच्याविषयी, आणि हे मनावर घ्याच. मुलं जातात त्याचं दुसरं मोठं कारण म्हणजे नट अडला की मोठा माणूस ‘दे इकडे’ म्हणून पाना काढून घेतो. नट दहा सेकंदांत सुटतो आणि मुलगा कामातून सुटतो. पाना त्याच्या हातात आहे तोवर तुमचे हात पाठीमागे. सांगायचं असेल तर प्रश्न विचारा: पाना पूर्ण बसलाय का? ओढतोयस की ढकलतोयस? हा आटा कोणत्या दिशेचा? शेडमध्ये ॲडजस्ट होणारी टॉप लिंक (अवजाराला वरून जोडणारा दांडा) पडली असेल तर ती याच कामासाठी वापरा. तिच्या एका टोकाला उजवा आटा असतो, दुसऱ्याला डावा. ते न सांगता तेल मारून हातात द्या. एक टोक सुटतं, दुसरं घट्ट होत जातं, आणि मधली नळी फिरवल्यावर दोन्ही टोकं एकदम का सरकतात हे मूल स्वतः शोधून काढतं.

अडलेल्या नटाला आधी गरम करा, मग मेणबत्ती टेकवा. वितळलेलं मेण आट्यात ओढलं जातं आणि थंड होताना नट सुटतो. ज्योतीचं काम तुमचं, मेणाचं त्यांचं, आणि पेट्रोलचा एकही भाग जवळपास नको. पाने देताना माप पाहून द्या. या वयाच्या यंत्रांवर इंची नट असतात. जवळपासचा मिलिमीटर पाना बसल्यासारखा वाटतो आणि नट गोल करतो. एकदा नट गोल झाला की रविवार त्यातच जातो, उत्साहही.

काढलेले बोल्ट डब्यात टाकू देऊ नका. जाड पुठ्ठ्यावर रॉकर कव्हरचा आकार काढायचा, जिथे बोल्ट तिथे भोक, आणि प्रत्येक बोल्ट आपापल्या भोकात खोचायचा. कोणता लांब, कोणता आखूड हे पुठ्ठा लक्षात ठेवतो. पुठ्ठ्यावर ज्यांनी काम केलं त्यांची नावं आणि तारीख. पुन्हा जोडतानाही तेच दोघं. दुसऱ्याचा पुठ्ठा कोणी उचलायचा नाही.

चुका होऊ द्या, पण कोणत्या ते आधी ठरवा. फाटलेलं गास्केट, उलटा बसवलेला फ्लोट, चुकीच्या क्रमाने लावलेल्या प्लगच्या वायरी: या चुका स्वस्त आहेत आणि त्यांतून जे कळतं ते सांगून कळत नाही. फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, १-३-४-२ आहे, हे इंजिन एकदा कार्ब्युरेटरमधून फटकारल्यावर कायमचं पाठ होतं. बीडाच्या ब्लॉकमध्ये स्टड तोडणं किंवा आटे मारणं ही महाग चूक. तिथे तुम्ही शेजारी उभे राहा.

पैसे देऊ का, असा विचार मनात आला असेल तर नको. त्यापेक्षा निर्णय द्या. रंग पूर्ण नवा करायचा की जुना झिजलेला राखाडी रंग तेल लावून तसाच जपायचा, हे चौघांना ठरवू द्या आणि ते ठरवतील ते मान्य करा. दोन्ही बाजूंनी भरपूर बोलता येतं, आणि तो वाद घालायला तरी ती येतील.

फोन काढू द्या

डॅशबोर्डवरच्या पट्टीवर अनुक्रमांक असतो. त्यावरून ट्रॅक्टर कोणत्या वर्षी बाहेर पडला ते शोधायचं काम नातवाला द्या. टीई-२० इंग्लंडमध्ये कॉव्हेंट्रीला १९४६ ते १९५६ या काळात बनला, पाच लाखांहून जास्त. सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत कॉन्टिनेंटलचं इंजिन होतं, नंतर स्टँडर्डचं. तुमचं कोणतं हे ब्लॉक पाहून त्यांनी सिद्ध करायचं. स्टँडर्डचं निघालं तर त्यांना सांगा, याच घराण्याचं इंजिन ट्रायम्फ टीआर-२ या स्पोर्ट्स कारमध्ये बसलं होतं. आणि एव्हरेस्टवाला एडमंड हिलरी ४ जानेवारी १९५८ ला दक्षिण ध्रुवावर पोचला तो याच जातीच्या तीन फर्ग्युसन ट्रॅक्टरांवर, चाकांवर पट्टे चढवून. ते फोटो मुलांनी शोधले आणि मग आपल्या शेडमधल्या यंत्राकडे वळून पाहिलं, की हेच ते, हे त्यांना तिथल्या तिथे पटतं.

ट्रॅक्टरबरोबर आलेला मोठा फर्ग्युसन पाना तुमच्याकडे उरला असेल तर तो त्यांच्या हातात ठेवा. त्यावर इंचांच्या खुणा असतात. पेट्रोल किती उरलं ते मोजायला आणि नांगराचं माप लावायलाही तोच वापरायचा. एका वस्तूला तीन कामं कशी दिली, याहून चांगला डिझाइनचा धडा नाही.

त्यांच्यापैकी कुणाला थ्रीडी प्रिंटिंग येत असेल तर डॅशबोर्डची बटणं, दिव्यांच्या कडा, ओतकामाचे साचे करू द्या. व्हर्नियरने मोजून चित्र काढणं हे खरं कौशल्य आहे. मॅनिफोल्डजवळचे किंवा भार घेणारे भाग मात्र प्लॅस्टिकचे नकोत.

जे मुलांच्या हाती द्यायचंच नाही

ब्रेक आणि क्लचच्या जुन्या अस्तरांत ॲसबेस्टॉस असू शकतं. ड्रम उघडताना मुलं शेडबाहेर, हवेचा झोत मारायचा नाही, धूळ ओली करून पुसून घ्यायची. पेट्रोलच्या टाकीवर वेल्डिंग किंवा ग्राइंडर नाही, ती कितीही वर्षं रिकामी असली तरी. ट्रॅक्टर उचलला की खाली जाड लाकडी ठोकळे. सिमेंटचे पोकळ ठोकळे अचानक फुटतात, आणि नुसत्या जॅकवर उभ्या ट्रॅक्टरखाली कुणाचंही बोटसुद्धा नको. मागच्या टायरांत पूर्वी वजनासाठी मिठाचं पाणी भरत. व्हॉल्व्ह उघडण्याआधी तोंड बाजूला.

इंजिन सुरू करायला हँडल मारणंही त्यांना नाही. मोठ्या माणसानेही अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवून, खालून वर ओढूनच मारायचं. टायमिंग पुढे असेल, म्हणजे ठिणगी लवकर पडत असेल, तर हँडल उलटं मारतं आणि मनगट जातं. सेल्फने सुरू करताना एक मोठी सोय आहे: गिअरची दांडीच ‘एस’ खुणेवर नेल्यावर सेल्फ फिरतो, त्यामुळे गिअरमध्ये असताना तो सुरू होत नाही. हँडलला हे संरक्षण नाही, म्हणून न्यूट्रल दोनदा पाहा.

पहिल्या सुरुवातीला जुनी टाकी वापरू नका. छोटी स्वच्छ डबी वर टांगून नळीने कार्ब्युरेटरला पेट्रोल द्या. प्लग बाहेर ठेवून सेल्फने फिरवा, तेलाच्या काट्याने दाब दाखवेपर्यंत. गव्हर्नर (इंजिनाचा वेग आवरणारा भाग) आणि ॲक्सिलरेटरच्या दांड्या हाताने हलवून पाहा. त्या अडकलेल्या असल्या तर इंजिन सुरू होताच बेफाम पळतं. रेडिएटरमध्ये पाणी, अग्निशामक हाताशी, एका मुलाचा हात चावीवर बंद करायला. दुसऱ्याजवळ लाकडाची सपाट फळी, चावीने बंद झालं नाही तर हवा घेणाऱ्या तोंडावर टेकवायला. तळहात कधीही नाही. कार्ब्युरेटरच्या तोंडात पेट्रोल ओतायचं नाही. फटकारलं की तिथेच आग लागते.

चालवण्याची वेळ येईल तेव्हा: सपाट जागा, सर्वांत खालचा गिअर, एकच जण सीटवर, मडगार्डवर कुणी बसायचं नाही. या ट्रॅक्टरला उलटण्यापासून वाचवणारी चौकट नाही. काहीही ओढायचं ते ड्रॉबारलाच बांधून. वर कुठे बांधलं तर पुढचं टोक उचललं जातं आणि ओरडायलाही वेळ मिळत नाही.

येत्या रविवारी

सगळ्यांना ‘कामाला या’ असा निरोप नको. पुलीवर खडूची रेघ काढून तिचा फोटो चौघांना पाठवा आणि खाली लिहा: ‘गिअर, सेल्फ, व्हॉल्व्ह की रिंगा? ज्याचा अंदाज बरोबर, पहिलं हँडल त्याचं.’ काम दोन-अडीच तासांपेक्षा जास्त चालवू नका, शेवटची १५ मिनिटं हत्यारं पुसून जागच्या जागी. सेल्फच्या बोल्टांना शनिवारी संध्याकाळीच तेल मारून ठेवा आणि त्यांच्या मापाचा रिंग पाना शोधून बाजूला काढा, म्हणजे पहिल्या तासातच नट गोल होणार नाही.